गुंड्यांचं विष आणि माझा कबुलीजबाब

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. म्हणजे तुम्ही फुंकर मारण्यात गुंतलेले असाल आणि माझ्या तोंडाकडे फार बघणार नाही. कारण हा किस्सा सांगताना माझं तोंड बघण्यासारखं राहत नाही.

मी जन्मभर लोकांना मामा बनवलं. इथे बंगालात, खिदिरपूरच्या गोदीत सदतीस वर्षं क्रेन चालवली. वरच्या केबिनमधून खालच्या प्रत्येक माणसाची टोपी कधी ना कधी उडवलेली आहे, साहेबाची दोनदा. शिक्षण म्हणाल तर सातवी, आणि तीही मास्तरांनी मेहेरबानी म्हणून दिली नाही. पुढच्या वर्षी मी पुन्हा त्यांच्याच वर्गात बसेन या धास्तीने दिली. तर असा मी, सगळ्यांना पुरून उरलेला, एका शनिवारी सकाळी बेहाल्यातल्या माझ्याच घरात, माझ्याच दिवाणावर आडवा होऊन... थांबा. क्रमाने सांगतो, नाहीतर मजा जाईल. माझी नाही, तुमची.

आमचा नितीन कॉम्प्युटरमध्ये आहे. म्हणजे काय करतो ते मला विचारू नका, त्यालाही नीट सांगता येत नाही. त्याने हॉलमध्ये चार फुटांची काचेची पेटी आणून ठेवली, खाऱ्या पाण्याची. लोक समुद्र बघायला दिघ्याला जातात, यानं समुद्रच घरी आणला. मीठ विकत आणायचं, पाण्यात कालवायचं, मोजायचं, पण चव घ्यायची नाही. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून पेटीला थंडावा देणारं यंत्र लावलंय. त्याच हॉलमध्ये बापाला मात्र पंखा, तोही तीनवर ठेवायचा, पाण्यावर लाटा येतात म्हणून.

पेटीत दोन-चार मासे आहेत, पण ते नुसते पाहुणे. खरे मालक म्हणजे दगडांवर वाढणारी पोवळी. आपण मंगळाच्या अंगठीत घालतो ना, त्यांचे हे जिवंत भाऊबंद. त्यातला एक दगड नितीनचा जीव की प्राण. त्यावर शर्टाच्या गुंड्यांसारखे गोल गोल जीव चिकटलेले, हिरवेगार, मधे नारिंगी ठिपका, कडेला झालर. इंग्रजी नाव बोलायला गेलं तर कवळी निसटते, म्हणून मी त्यांचं नाव गुंड्या ठेवलं. हात लावला की मिटतात, दिवा मालवला की झोपायला म्हणून मिटतात, सकाळी परत उघडतात. बघायला छान. आणि विषारी.

विषारी म्हणजे किती? नितीन सांगत होता की जातीजातीत फरक असतो, पण काहींचं विष असं की नागाने शरमून बिळात जावं.

फाल्गुनात सूनबाईंच्या मावसभावाचं लग्न निघालं पुण्याला. दोघं आठवडाभर जाणार. आमच्या सौ. कुसुमच्या गुडघ्यामुळे आम्ही दोघं मागे. मग पेटी कोणाच्या ताब्यात? माझ्या. जायच्या आदल्या दिवशी नितीनने मला खुर्चीत बसवलं आणि प्रवचन सुरू केलं. मासे किती वाजता जेवतात वगैरे झाल्यावर गाडी गुंड्यांवर आली, तेव्हा पोराचा आवाज बदलला.

गुंड्यांच्या दगडाला उघड्या हाताने शिवायचं नाही. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालायचे. डोळ्यांना चष्मा, साधा नाही, बाजूंनी बंद असलेला. हाताला कापलं-खरचटलं असेल तर हातमोजे घालूनही जवळ जायचं नाही. दगड पाण्याबाहेर काढून ब्रशने घासायचा नाही, शिंतोडे उडतात. आणि काही झालं तरी गरम पाणी त्यावर ओतायचं नाही, उकळायचा तर नाहीच नाही. वाफेतून विष नाकात जातं आणि घरातली सगळी माणसं एका रांगेत आडवी होतात. काम झालं की हात साबणाने धुवायचे, आणि ते सामान स्वयंपाकघरात आणायचं नाही.

मी विचारलं, "आणि आणलं तर कळणार कसं?"

तो म्हणाला, "ओठांना मुंग्या येतात. जीभ बधिर. तोंडाला धातूची चव, मग ताप, धाप. तसं काही वाटलं तर माझी वाट बघत बसायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा आणि कशाला हात लावला होता ते डॉक्टरला सांगायचं."

मी म्हटलं, "अरे मग नाग पाळायचास. तो निदान आधी फुत्कारतो."

तो हसला नाही. आईकडे बघून म्हणाला, "यांच्यावर लक्ष ठेव." म्हणजे बघा! ज्या पोराला मी बोट धरून हुगळीचा घाट दाखवला, तो माझ्यावर पहारा बसवतोय. मी देवघरापुढे हात करून शब्द दिला की गुंड्यांना शिवणार नाही. त्या संध्याकाळी तो झाकण लावलेली एक बादली घेऊन मित्राकडे गेला. मी विचारलं तर म्हणाला, जुनं पाणी आहे. मला काय, पाणी तर पाणी.

पहिले दोन दिवस मी इमानदारीत काढले. पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. समोर हातमोज्यांचा नवा कोरा जोड पडलेला, मासे खाऊन सुस्त झालेले, दुपार सरत नाही. उजव्या हाताचा मोजा मी तांदळाने ठासून भरला, आणि समोरच्या फ्लॅटच्या दाराला बाहेरून जी कडी आहे तिच्यात अडकवला, चार बोटं आणि अंगठा असे वर.

समोर राहतात दत्तबाबू. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, स्वभावाने साधे, होमिओपॅथीच्या गोळ्यांची पेटी बाळगणारे, आणि हवेत जरा गारवा आला की कान झाकणारे. त्यांनी दार उघडलं, तो हात त्यांच्या पोटाला लागला आणि ते "ओ माँ" म्हणून जे आत गेले ते बौदीला पुढे घालूनच बाहेर आले. बौदी म्हणजे वहिनी, इथे त्यांची बायको, मिनतीबौदी. तिने हात ओळखला, तांदूळ ओळखला, मला तर न बघताच ओळखलं. तांदूळ धुऊन भाताला लावला आणि मोजा जप्त केला. मी मागायला गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

इकडे पेटी मात्र अशी बहरली होती की काय सांगू. नितीन रोज संध्याकाळी फोनवर चेहरा दाखवायचा आणि विचारायचा, गुंड्या कशा आहेत?

मी म्हणायचो, "तू होतास तेव्हा रात्री मिटायच्या ना? माझ्या हाताखाली रात्रीसुद्धा मिटत नाहीत. दिवा मालवला तरी टक्क उघड्या."

"हो का?" तो म्हणायचा. "तुमच्या हाताला गुण आहे बाबा."

मागे सूनबाई तोंडाला पदर लावायची. मला वाटलं, बिचारीला लग्नघरात सर्दी झाली.

आता शनिवार. शनिवारचा माझा उपास असतो. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासूबाईंनी साडेसातीचं कारण सांगून माझ्या गळ्यात घातलेला. उपासाच्या दिवशी मी सकाळी लवकर फिरायला जातो. कुसुमला वाटतं मारुतीला जातो. मारुतीच्या वाटेवर एक दुकान लागतं, तिथे साडेआठला कढईतून गरम कचोऱ्या निघतात, बरोबर बटाट्याची पातळ भाजी. आता देवाच्या वाटेवर देवानेच ठेवलेली गोष्ट, आपण नाही म्हणणारे कोण? नऊला कढई रिकामी होते, म्हणून वेळ पाळावी लागते.

त्या दिवशी उशीर झाला, पावणेनऊला मी चप्पल घालतोय, तोच दारात बौदी. हातात वाटी, वाटीत पांढरट-हिरवट चटणी, कडेला एक अख्खं लिंबू. म्हणाली, घरच्या मानकोचूचा बाटा आहे. कोचू म्हणजे आपल्या अळू-सुरणाच्या नात्यातला एक कंद. तो किसायचा, नारळ, मिरची आणि मोहरीबरोबर वाटायचा, वर मोहरीचं कच्चं तेल. ती दोनदा काहीतरी सांगत होती, लिंबाचं आणि गरम भाताचं, बोटाने गळ्याकडे दाखवून. मी "हो हो बौदी" म्हणत वाटी घेतली. माझा एक डोळा घड्याळावर होता. ती पिशवी घेऊन बाजाराला गेली. कुसुम आंघोळीला गेली होती. मी निघालो.

आणि निघता निघता पेटीकडे नजर गेली.

गुंड्यांचा दगड कोसळला होता! नुसता कोसळला नाही, शेजारच्या जांभळ्या पोवळ्यावर जाऊन आडवा पडलेला. नितीनने सांगितलं होतं की ही मंडळी एकमेकांना डसतात, एक दुसऱ्यावर पडलं तर खालचं भाजून निघतं. दगडाशेजारी एक गोगलगाय फिरत होती. तिनेच ढकलला असणार. मला नवल वाटलं, एवढीशी गोगलगाय आणि अंगात केवढं बळ! खाऱ्या पाण्याचा गुण असेल म्हटलं.

आता फोन करावा का? शहाण्या माणसाने केला असता. पण संध्याकाळी तो पोरगा म्हणणार, चार दिवस नाही सांभाळता आलं? आणि मी चार दिवस बढाया मारलेल्या. मग ठरवलं की सगळं नियमानेच करू. डोळ्यांवर तो बंद चष्मा चढवला. डाव्या हातात मोजा घातला. उजव्या हाताचा मोजा बौदीच्या कपाटात, त्यामुळे उजवा हात उघडा. आणि उजव्याच हाताच्या अंगठ्याला आदल्या दिवशी विळीवर नारळ खवताना चांगली चीर गेलेली.

मी मनाशी म्हटलं, निम्मे नियम पाळतोय म्हणजे निम्मंच विष लागेल. सातवी पास माणसाचा हिशेब आहे हा, हसू नका.

दोन्ही हात पाण्यात घातले, दगड उचलला, जागेवर ठेवला. हाताला हलका लागला, गुंड्या जरा गुळगुळीत, मऊ. एकही मिटली नाही. मला अभिमान वाटला, मालकाचा हात ओळखतात म्हणून. हात बाहेर काढला आणि सवयीने, जन्माच्या सवयीने हो, उजव्या हाताने मिशी पुसली.

पुसली आणि तिथेच उभा राहिलो. अंगठ्याची चीर, खारं पाणी, मिशी, खाली ओठ.

साबणाने हात धुतले. परत धुतले. मिशी धुतली. आरशात बघितलं, ठीक वाटलं. घड्याळात बघितलं तर नऊला दोन मिनिटं. कचोऱ्या गेल्या! आता माणूस विषाने मरो की भुकेने, मरण तेच. स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर बौदीची वाटी. मी विचार केला. कंद आहे. सुरण उपासाला चालतो, रताळं चालतं, मग हा का नाही? नारळ चालतो. मिरची चालते. मोहरीकडे मी दुर्लक्ष केलं. कुसुम आंघोळ करून यायच्या आत उभ्या उभ्या चार चमचे खाल्ले. झणझणीत, नाकात जाणारं, पण चव बरी. वाटी कपड्याने झाकली आणि हॉलमध्ये येऊन बसलो.

दोन मिनिटं गेली असतील नसतील. ओठांना मुंग्या.

मी म्हटलं, मनाचे खेळ. मग जिभेच्या शेंड्याला सुया टोचायला लागल्या. मग घसा. घशात कोणी काथ्या ओढतंय असं. गिळायला गेलो तर गिळवेना. नितीनचं वाक्य कानात वाजायला लागलं, ओठांना मुंग्या, जीभ बधिर. तोंडाला धातूची चव आहे का बघावी म्हणून जीभ फिरवली, तर आलीच. भीतीला चव असते, तुम्ही कधी घेतली नसेल तर सांगतो, ती लोखंडाची असते. सदतीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस आहे मी.

कुसुम केसांना पंचा बांधून बाहेर आली. मी दिवाणावर आडवा, डोळ्यांवर अजून तो चष्मा, डाव्या हातात मोजा.

ती म्हणाली, "आज काय सोंग?"

बघा, हे माझ्या आयुष्याचं फळ. मी म्हटलं, "कुसुम, सोंग नाही. गुंड्यांना हात लावला. ओठ बधिर झालेत."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. ओठ खरंच सुजले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती गुडघा विसरून समोरच्या दाराकडे धावली. दत्तबाबू लुंगीवरच आले, हातात गोळ्यांची बाटली. त्यांचं बोलणं निम्मं हिंदी, निम्मं बंगाली असतं, मी आपलं मराठीत सांगतो. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले, आणि म्हणाले की नाडी फार घाईत आहे. त्यांनी टॅक्सीला फोन लावला. कुसुमने नितीनला लावला, चेहऱ्याचा फोन, आणि माझ्या छातीवर उभा करून ठेवला.

नितीन पहिल्यांदा खरंच घाबरला. श्वास लागतोय का, छातीत दुखतंय का, एका दमात विचारलं. मी म्हटलं, नाही. मग त्याने विचारलं, "हात नक्की कोणत्या दगडाला लावलात?"

"गुंड्यांच्या."

"दुसऱ्या कशाला नाही ना?"

"नाही रे. तोच पडला होता. गोगलगायीने पाडला."

तो मागे टेकला. मला वाटलं, पोराला धक्का बसला, वाचा गेली. आणि त्या क्षणी माझी खात्री पटली की आता आपलं आटोपलं. टॅक्सी डायमंड हार्बर रोडवर कुठेतरी अडकलेली, नितीन पुण्यात, घसा आवळत चाललेला. माणसाने जायच्या आधी मन रिकामं करावं म्हणतात. माझ्या मनात तर खिदिरपूरच्या गोदामाएवढा माल.

मी कुसुमचा हात धरला. म्हटलं, "शनिवारचा उपास मी कधीच केला नाही."

ती म्हणाली, "आत्ता बोलू नका."

"नाही, बोलू दे. मी मारुतीला जात नाही. कचोऱ्या खातो. चार. बटाट्याच्या भाजीबरोबर. वर दोन जिलब्या."

तिने हात सोडवून घेतला. हळूच म्हणाली, "जिलब्या पण?"

चाळीसच्या वर वर्षं ती दर शनिवारी माझ्यासाठी साबुदाणा भिजवत होती हो! त्या प्रश्नाने मला विषापेक्षा जास्त लागलं. पण बांध फुटला तो फुटला. मी दत्तबाबूंकडे वळलो. ते बाटलीतून चार गोळ्या तळहातावर काढून उभे होते.

"दत्तबाबू, तुमची माकडटोपी मी घेतली."

ही टोपी म्हणजे साधी गोष्ट समजू नका. काळ्या-करड्या लोकरीची, बौदीने स्वतः विणलेली. दोन हिवाळ्यांपूर्वी ती गायब झाली. त्या दिवशी बौदीचा भाऊ बजबजहून भेटायला आला होता, दत्तबाबूंनी संशय घेतला त्याच्यावर. शब्दाने शब्द वाढला. मेहुणे-मेहुणे तेव्हापासून बोलत नाहीत, बौदी दोन वर्षं भावाला ओवाळायला स्वतः लोकलने बजबजला जाते. मी चौथ्या दिवशी टोपी परत ठेवणार होतो, देवाशपथ. पण तोवर भांडण एवढं पुढे गेलं होतं की टोपी सापडली असती तर दत्तबाबू खोटे पडले असते. म्हणून, त्यांच्याच भल्यासाठी, ठेवून दिली.

दत्तबाबूंनी विचारलं, "कुठे आहे?"

"माळ्यावर. मोदकांच्या मोठ्या पातेल्यात."

त्यांनी तळहातावरच्या गोळ्या एक एक करून परत बाटलीत घातल्या. बूच लावलं. बाटली खिशात ठेवली.

छातीवरून फोन म्हणाला, "बाबा, मला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "नितीन, तुझा तो पिवळा मासा आठवतो?"

"जो दिवाळीत मेला? ज्याच्यासाठी मी महिनाभर पाणी तपासत होतो?"

"त्याला मी शेव घातली होती. त्याने एक खाल्ली म्हणून आणखी घातली. तिखट नव्हती रे, साधीच होती."

"बरं. आणखी?"

"तुझ्या लग्नात तुझे बूट मुलीकडच्यांनी नाही लपवले. मी लपवले. आणि मग कुठे लपवले ते विसरलो."

"म्हणजे मी आचाऱ्याच्या चपला घालून स्टेजवर उभा होतो ते तुमच्यामुळे?"

"फोटोत पाय आलेले नाहीत," मी म्हटलं. मरतानाही माणसाने जमेची बाजू सांगावी.

मागून सूनबाईंचा आवाज आला, "माझ्या वडिलांनी त्या चोरीबद्दल मंगल कार्यालयात माफी मागितली होती." तो आवाज सर्दीचा नव्हता.

"आणखी काही?" नितीनने विचारलं. अगदी शांतपणे, एखादा वकील विचारतो तसं. मी आणखी सांगितलं. सगळं इथे सांगत नाही, तुमच्यापैकीही दोघांची नावं त्यात आहेत. दहा मिनिटं मी अखंड बोलत होतो. शेवटी माल संपला. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "पेटीची काळजी घे. गुंड्या मात्र मी छान फुलवल्या होत्या, ते विसरू नकोस."

तेव्हा नितीन म्हणाला, "बाबा, त्या रबराच्या आहेत."

मी डोळे उघडले.

"दुकानातून आणल्या. खरा दगड मी जायच्या आदल्या दिवशी मित्राच्या पेटीत नेऊन ठेवला, त्या झाकणाच्या बादलीतून. तुम्हाला एखाद्या गोष्टीला हात लावू नका म्हटलं की तुम्ही काय करता, ते मला दुसरीपासून माहीत आहे."

चार दिवस टक्क उघड्या गुंड्या, गोगलगायीचं बळ, हलका दगड, सगळं एकेक करून माझ्यासमोर येऊन उभं राहिलं आणि खो खो हसायला लागलं.

मी म्हटलं, "मग आधीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलायचं थांबतच नव्हता. धाप लागलेला माणूस दहा मिनिटं बोलत नाही, म्हणून मला काळजी नव्हती. आणि खरं सांगू का, बुटांचा चोर सापडला म्हणून बरं वाटलं."

"पण माझे ओठ?" मी ओरडायला गेलो, पण जीभ जाड झालेली, निम्मे शब्द तोंडातच राहिले. "ओठ तर खरे आहेत ना? मुंग्या खऱ्या आहेत!"

आता मात्र नितीनच्याही कपाळावर आठी आली. त्याने विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंत?"

"काही नाही. उपास आहे," मी म्हटलं. कुसुमने माझ्याकडे असं बघितलं की मी उरलेलं वाक्य गिळलं.

तेवढ्यात मिनतीबौदी बाजारातून परतली. आमचं दार सताड उघडं, आत सगळे उभे. ती पिशवी टेकवून आत आली, माझे ओठ बघितले, आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा एका हातात निम्मी वाटी होती आणि दुसऱ्या हातात लिंबू. अख्खं. न कापलेलं.

"दादा, लिंबू पिळल्याशिवाय खाऊ नका म्हणून दोनदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "गरम भातात कालवून, एवढासा. कोचू गळ्याला धरतो."

आपल्याकडे अळूच्या फतफत्यात चिंच घालतात, सुरणाला आमसूल लावतात, हे मला पाळण्यापासून माहीत. पण माझ्या डोक्यात एकच, कंद आहे ना, मग उपासाला चालतो. शिजवलाय का, आंबट घातलंय का, हे विचारलंच नाही. घरात त्या दिवशी दोन गोष्टी होत्या, दोन्ही नियमाने हाताळायच्या. एकीचे नियम पोराने सांगितले, दुसरीचे बौदीने. मी दोन्ही एकाच कानाने ऐकले. ज्याच्यासाठी चष्मा चढवला ते रबर निघालं, आणि जे चमच्याने खाल्लं त्याने लोळवलं.

तरी नितीनने सोडलं नाही, दवाखान्यात पाठवलंच. टॅक्सी आली होती, आणि घशाला सूज आहे म्हटल्यावर थांबायचं नाही, असं त्याचं म्हणणं. तिथली डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिने घसा बघितला आणि विचारलं, कशामुळे झालं? मी नितीनचा नियम आठवून सगळं खरं सांगायचं ठरवलं, कबुलीजबाबाचा हात बसलाच होता. तिने ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं, कोचू. मला विषबाधा झाली असं गावाला सांगता यावं एवढंही काही त्या कागदावर नव्हतं.

घरी आलो तर माळ्याला शिडी लावलेली. दत्तबाबू खाली उतरत होते, हातात टोपी. बौदी फोनवर बजबजच्या भावाशी बोलत होती, आणि बोलता बोलता डोळे पुसत होती. ते बघून मला घशापेक्षा खाली कुठेतरी टोचलं. ते कोचूचं नव्हतं. दत्तबाबूंनी फोन घेतला, दोनदा खाकरले, आणि त्या मेहुण्याला रविवारी जेवायला बोलावलं. मलाही बोलावलं. त्या रविवारी पानात सगळ्यांना कोचूबाटा वाढला, लिंबासकट. मला नुसतं लिंबू.

नितीन परत आला आणि खरा दगड घरी आणला. माझ्यासमोर काम केलं, दोन्ही हातांत मोजे, डोळ्यांवर चष्मा, खिडक्या उघड्या, दगड पाण्याच्या डब्यातून उचलून सरळ पाण्यात. मला लांब उभं करून फक्त झाकण धरायला दिलं. मी धरलं. निमूटपणे. गुंड्या दोन तासांनी उघडल्या, आणि मी जवळ गेलो की अजूनही मिटतात. नितीन म्हणतो सावलीमुळे. मला ठाऊक आहे कशामुळे ते.

आणि शनिवार? त्याबद्दल विचारू नका. कुसुम आता शनिवारी साबुदाणा भिजवत नाही. म्हणते, इतक्या वर्षांची थकबाकी आहे, कडक उपास करा, पाण्यावर. मी म्हटलं, ठीक आहे, मारुतीला तर जाऊ देशील? ती म्हणाली, खुशाल जा.

गेलो. साडेआठ वाजता कढईतून वाफ निघत होती. आणि दुकानासमोरच्या बाकड्यावर, चैत्राच्या त्या घामाच्या धारांत, कानांवर माकडटोपी ओढून दत्तबाबू बसलेले. एका हातात फोन, त्यात माझ्या कुसुमचा चेहरा. दुसऱ्या हातात द्रोण.

त्यांनी कचोरी मोडली, भाजीत बुडवली, तोंडात घातली. मग फोन माझ्याकडे वळवून कुसुमला म्हणाले, "पोहोचले बौदी. आता मारुतीकडे जातायत."

दर शनिवारी चार खातो हो तो माणूस. वर दोन जिलब्या.